आमच्या गल्लीचं एम.ए.

मी एम.ए.ला नेमकं काय शिकत होतो, हे मला दोन वर्षांत एकदाही धड सांगता आलं नाही. विभागाच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘भारतीय समाज व संस्कृती अभ्यास’. माहितीपत्रकात पुढं कंसात ‘आंतरविद्याशाखीय’ असा शब्द होता. हुपरी ते कोल्हापूर एसटीत खिडकीजवळ बसून मी तो शब्द मनातल्या मनात म्हणायचो, कारण कुणी विचारलं तर मध्येच अडखळायला नको. पण आमच्या गल्लीत असलं काही कुणी विचारतच नव्हतं. विचारायचे ते एवढंच, “मग नोकरी कसली लागती ह्याच्यावर?”

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ह्यावर स्वतःपुरता तोडगा काढला. पैंजणाचा माल न्यायला व्यापारी आला की ते हातातली पक्कड न थांबवता सांगायचे, “पोरगा देशाचा अभ्यास करतोय.” हे वाक्य गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्या गल्लीत बहुतेक घरांतून चांदीचे पैंजण होतात. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि मधल्या भिंतीतून दोन्हीकडची बातमी. त्यामुळं देशाचं जे काही बिघडेल त्याचा जाब मला विचारला जाऊ लागला. पेट्रोल वाढलं की मी. नोटा मिळेनाशा झाल्या की मी. “देशाचा अभ्यास करतोस न्हवं? मग सांग की, चांदी उतरणार कवा?” मीही शहाण्यासारखं “त्याला जागतिक संदर्भ आहेत” असं काहीतरी बोलायचो. आता आठवलं की कान गरम होतात. तेव्हा मात्र मी हे बोलून थोडा मान तिरपी करून उभा राहायचो.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं माझ्या आधी कुणी नव्हतं. बी.ए. झालो तेव्हा आईनं माझी मार्कलिस्ट लॅमिनेट करून देवघराच्या वर लावली होती. एम.ए.साठी दोन वर्षं मिळाली होती, तीसुद्धा अटीवर. दोन वर्षांत झालं तर ठीक, नाहीतर मामा कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर होता, तो मला त्याच्या कंपनीत चिकटवणार होता. मामा चांगला माणूस. पण त्याच्या कंपनीत जाऊन आलेल्या प्रत्येकाचं तोंड एकसारखं दमलेलं दिसायचं आणि मला त्याची भीती वाटायची. आईला माझ्यापेक्षा जास्त वाटायची. ती तसं बोलायची नाही. फक्त मामाचा फोन आला की “पोरगं लायब्ररीत हाय,” असं सांगायची, मी समोर भाकरी खात बसलेलो असलो तरी.

विभागात आम्हाला एकच गोष्ट सहा बाजूंनी बघायला शिकवत. इतिहासाचे सर, अर्थशास्त्राचे सर, भाषेच्या मॅडम, भूगोलाचे, लोकसाहित्याचे, आणि ह्या सगळ्यांना एका खोलीत टिकवून ठेवणाऱ्या समाजशास्त्राच्या मॅडम. एकदा चहा हा विषय निघाला. इतिहासाच्या सरांनी चहा खेड्यात कसा पोचला ते सांगितलं. अर्थशास्त्राच्या सरांनी साखर आणि दूध ह्यांचा हिशेब लावला. समाजशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, घरात चहा पहिला कुणाला मिळतो आणि शेवटी गाळ कुणाच्या वाट्याला येतो? भाषेच्या मॅडमनी ‘चहाला या’ आणि ‘चहा घेऊन जा’ ह्यांतला फरक सांगितला. मी भारावून सगळं लिहून घेत होतो. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली. मला वाटलं, हेच ते. असंच बघायचं. मग आयुष्यात माणसाला कळायचं काही शिल्लक राहणार नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंधिका, म्हणजे छोटा प्रबंध, लिहायची होती. बाकीच्यांनी मोठमोठे विषय घेतले. समाजशास्त्राच्या मॅडम माझ्या मार्गदर्शक होत्या. त्यांनी मला सांगितलं, “तुम्ही तुमची गल्लीच घ्या. कारखाना आणि घर एकाच छताखाली आहे, असं क्षेत्र शोधूनही मिळत नाही.” ‘क्षेत्र’ हा शब्द ऐकून आमची गल्ली मला एकदम रुंद वाटायला लागली. विषय ठरला: घरगुती चांदीकामातल्या कुटुंबांत निर्णय कोण घेतं. मी एक छान प्रश्नावली तयार केली. छापून आणली. शर्ट इस्त्री केला, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणं ती प्रश्नावली आधी एका व्यक्तीवर तपासून बघायची म्हणून आईच्या समोर जाऊन बसलो.

आई पैंजणाला घुंगरू बसवत होती.

“घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं?” मी विचारलं.

“कुठलं निर्णय?”

“म्हणजे समजा, फ्रिज घ्यायचा.”

“फ्रिज बंद पडला की घ्यायचा. त्यात निर्णय कसला?”

“अगं पण कोण ठरवतं?”

आईनं घुंगरू खाली ठेवला. “तुझं आण्णा म्हणत्यात, बघू. बघू म्हंजे न्हाय. मग मी मामाला फोन करतो.” आमच्याकडं बायकाही ‘करतो’च म्हणतात. “मामा येतो, चहा पितो, जाताना म्हणतो, दाजी, आता एक फ्रिज घ्या की. मग तुझं आण्णा म्हणत्यात, मी कवाचं तेच म्हणतोय, हीच ऐकत न्हाय. मग फ्रिज येतो.”

आता मागं वळून बघताना कळतं की माझी सगळी प्रबंधिका त्या चार वाक्यांत होती. तेव्हा मी काय केलं? मी कपाळाला आठ्या घातल्या. कारण माझ्या प्रश्नावलीत चारच चौकोन होते: स्वतः, पती, दोघं मिळून, घरातली ज्येष्ठ व्यक्ती. मामाला चौकोन नव्हता.

“आई, ह्या चारातलं एक सांग.”

“ह्यातलं बरोबर कुठलं?”

“बरोबर-चूक असं काही नसतं,” मी म्हणालो, आणि लगेच, कुणी न विचारता, कुटुंबात स्त्री-पुरुष समानता का असावी ह्यावर बरंच बोललो. मुलगा-मुलगी भेद नसावा. पैशाचे व्यवहार दोघांना माहीत असावेत. निर्णय दोघांनी मिळून घ्यावेत. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि “हां” म्हणाली. मग म्हणाली, “दोघं मिळून.” माझा चेहरा खुलला. मी चौकोनात बरोबरची खूण केली. पुढच्या सगळ्या प्रश्नांना तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघत बघत उत्तरं दिली आणि मला वाटलं, चला, प्रश्नावली समजायला सोपी आहे.

पुढच्या रविवारपासून मी घरोघर जायला लागलो. ते दिवस फार सुखाचे होते. दारात गेलं की काकू पदर नीट करून पाटावर बसायच्या, जणू फोटो काढायचा आहे. चहा आधीच ठेवलेला. काही घरांत पोहेसुद्धा. आणि उत्तरं अशी, की थेट पुस्तकात छापावीत. घरातले निर्णय? “आम्ही दोघं मिळून घेतो.” मुलीचं शिक्षण? “मुलगा-मुलगी एकच की आमाला.” चांदीचा हिशेब? “दोघांना माहीत असतोय.” गल्लीत ज्या घरातून रोज संध्याकाळी भांड्यांचा आवाज ऐकू यायचा, त्या घरातल्या काकूंनीही शांतपणे सांगितलं, “आमच्यात सगळं चर्चेनं होतं.” मी खाली मान घालून लिहून घेतलं. भांड्यांचा आवाज आयुष्यभर ऐकत आलो होतो, पण तो प्रश्नावलीत बसत नव्हता.

गल्लीच्या टोकाला अव्वा राहायची. सीमेपलीकडच्या गावातनं लग्न होऊन आलेली, घरात कन्नड आणि दारात मराठी बोलणारी म्हातारी. सगळी गल्ली तिला अव्वाच म्हणते, आणि ती गल्लीतल्या पोरांना तम्मा, म्हणजे बाळा. ती एकटीच पुढच्या खोलीत बसून अजून पैंजणाच्या कड्या जुळवते. सून मागच्या खोलीत. अव्वाचा नवरा मी शाळेत असताना वारला.

“अव्वा, घरातले निर्णय कोण घेतं?”

अव्वा सरळ बसली. डोळे मिटून, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, “निर्णय आमी दोघं मिळून घेताव.”

“दोघं म्हणजे?”

“दोघं म्हंजे दोघं की रं तम्मा. मी आणि मालक.”

इथं कुठल्याही शहाण्या माणसाचं पेन थांबलं असतं. माझं जास्त जोरात पळालं. घरी येऊन मी त्या एका वाक्यावर चार पानं लिहिली. उपशीर्षक दिलं: ‘दिवंगत पतीचे निर्णयप्रक्रियेतील प्रतीकात्मक स्थान’. पती गेला तरी त्याची संमती गृहीत धरून बाई घर चालवते, अशी माझी मांडणी होती. रात्रीच्या जेवणाला मी आईला तो भाग वाचूनही दाखवला. आई भात वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “अव्वा अशी बोलली?” मला वाटलं, तिला गहिवरून आलं.

मी सगळी प्रकरणं टाइप करून मॅडमकडं दिली. निष्कर्षात लिहिलं होतं की घरगुती उद्योगामुळं ह्या गल्लीत स्त्री-पुरुष समानता आपोआप रुजली असून देशाला ह्यापासून शिकण्यासारखं बरंच आहे. ‘देशाला’ हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा परत लिहिला होता.

मॅडमनी बोलावलं. टेबलावर माझी पानं होती आणि त्यावर पेन्सिलनं एकच खूण होती.

“इतक्या घरांत एकही भांडण नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही मॅडम. मलाही आश्चर्य वाटलं.”

“आश्चर्य वाटल्यावर काय केलंत?”

“लिहिलं.”

त्यांनी पेन्सिलच्या खुणेवर बोट ठेवलं. “ह्या आजींचे पती जाऊन बरीच वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या ‘आम्ही दोघं’ म्हणाल्या, तेव्हा त्यांना विचारलंत का, की हे वाक्य कुठून आलं?”

मी म्हणालो, “ते प्रतीकात्मक आहे, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “घरी जाऊन एकदा विचारा.” प्रबंधिका जमा करायची तारीख तोंडावर आली होती.

परतीच्या एसटीत मी पहिल्यांदाच माझ्याच पानांवर नीट नजर टाकली. ‘आम्ही दोघं मिळून घेतो’ हे वाक्य प्रत्येक घरात होतं. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. आमच्या गल्लीत दोन माणसांनी कधी कोणती गोष्ट एकसारखी सांगितलेली नाही, बोअरला पाणी किती लागलं तेसुद्धा नाही.

घरी आलो तेव्हा आई घुंगरू बसवत होती आणि आण्णा भट्टीजवळ होते.

“आई, अव्वानं ‘आमी दोघं मिळून’ असं का सांगितलं?”

आईनं पक्कड खाली ठेवली. “तरी तिला सांगितलतो,” ती हळू आवाजात म्हणाली, “अव्वा, तुझं तू बघून सांग म्हणून. म्हातारीनं सगळं पाठच केलं.”

मला कळायला थोडा वेळ लागला. “तू सांगितलंस? कुणाकुणाला?”

“सगळ्यास्नी.”

“काय सांगितलंस?”

“तू मला शिकवलंस तेच की. दोघं मिळून. पोरगा-पोरगी सारखी. मी म्हटलं, बायांनो, पोराची परीक्षा हाय, कुणी येडंवाकडं बोलू नका. नीट उत्तरं द्या. चहा करा.” आई आता जोरात बोलायला लागली. “मग काय करू? नापास करू व्हय तुला? तूच तर तोंड वाकडं केलंतास, मी फ्रिजचं सांगितलं तवा. म्हटलं, चुकलं माझं. एकटी मी चुकलो तर चालंल, सगळी गल्ली चुकली तर पोरगं कागलला जाईल.”

आण्णांना हसू आवरेना. “ह्याच्या दहावीला लोक भिंतीवर चढून कॉपी पुरवत होते, तवा मी घराबाहेर पडलो न्हाय. आणि हिनं एम.ए.ला पुरवली. ती पण अख्ख्या गल्लीला हाताशी धरून!”

“तुमी गप्प बसा,” आई म्हणाली. आण्णा गप्प बसले. घरातला हा निर्णय कुणी घेतला ते मला स्पष्ट दिसलं, पण तेव्हा लिहून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. मनात अशी आशा होती की त्या म्हणतील, राहू दे, आता वेळ कमी आहे, जे आहे ते जमा करा. त्यांनी तसं म्हणावं म्हणून मी वेळ किती कमी आहे हे दोन-तीनदा सांगूनही बघितलं. मॅडम म्हणाल्या, “कालपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, तोवर ती चूक होती. आज जमा केलंत तर ते खोटं होईल. परत जा. जेवढी घरं होतील तेवढी. पहिलं उत्तर आणि दुसरं उत्तर शेजारी शेजारी मांडा. आणि हे कसं घडलं ते लिहा.”

“मार्क जातील का मॅडम?”

“जातील. नापास होणार नाही असंही मी सांगू शकत नाही. बाहेरून येणारे परीक्षक सर कडक आहेत.”

म्हणून मी त्याच घरांत परत गेलो. ह्या वेळी पोहे नव्हते.

“आरं, परत? एटीकेटी लागली व्हय तुला?” पहिल्याच घरात काकूंनी विचारलं.

“नाही काकू. ह्या वेळी खरं सांगायचं आहे.”

“म्हंजे मागच्या टायमाला मी खोटं बोललो म्हणतोस? माझ्या घरात बसून?”

दुसऱ्या घरात सरळच सांगितलं, “एकदा लिहून घेतलंयस न्हवं? मग झालं की. दोनदा पेपर देत न्हाय आम्ही.” तिसऱ्या घरात काकू तयार झाल्या, पण मालक पलीकडच्या खोलीत होते. त्या म्हणाल्या, “थांब, मिक्सर लावतो, मग सांगतो.” शेंगदाण्याचं कूट होईपर्यंत त्या माझ्या कानाशी बोलत राहिल्या. कामात घटलेल्या चांदीची तूट कशी लपवावी लागते, थोरलीचं कॉलेज कुणी थांबवलं, माहेरी जायचं झालं तर कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. बोलून झाल्यावर मिक्सर बंद केला, झाकण काढलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “कूट चांगलं झालंय, घेऊन जा आईला.” मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं होतं. घरी येऊन ऐकलं तर फक्त मिक्सर. जे आठवलं तेवढं लिहिलं, आणि त्यांचं घर ओळखू येऊ नये म्हणून त्यातलंही बरंच पुसलं.

अव्वानं खरं उत्तर लगेच दिलं. “माझं मी ठरवतो. मग सुनेला सांगतो. ती न्हाय म्हणती. मग न्हाय.” एवढं बोलून ती कड्या जुळवायला लागली. माझी चार पानं मी त्या रात्री काढून टाकली. उपशीर्षक मात्र अजून आठवतं, आणि आठवलं की उशी तोंडावर घ्यावीशी वाटते.

शेवटची राहिली आई. मी म्हणालो, “आई, शिक्षणाबद्दलचा प्रश्न. मी एम.ए. करायचं हा निर्णय कुणी घेतला?” खरं तर मला उत्तर माहीत होतं असं वाटत होतं. आण्णांनी पोटाला चिमटा काढून, किंवा आईनं हट्ट धरून, असं काहीतरी असणार. अर्पणपत्रिकेत मी तशी दोन ओळींची जागा ठेवली होती.

आई विचार करत बसली. ह्या वेळी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. “कुणी घेतला? कुणीच न्हाय घेतला. मामा म्हणालता, साहेबास्नी विचारून फोन करतो. त्याचा फोन आला न्हाय. तवर तुझी फी भरायची शेवटची तारीख आली. आण्णा म्हणले, भरून टाकूया, फोन आला तर बघू. फोन दिवाळीला आला.”

“म्हणजे फोन आला असता तर?”

“तर गेलतास की कागलला.”

देशाचा अभ्यास करणारा मी, सहा शास्त्रं शिकून आलो, आणि माझं सगळं शिक्षण कुणाच्या तरी न आलेल्या फोनवर उभं होतं. मग ‘इतर’ असा एक नवा चौकोन पेनानं काढला आणि त्यात लिहिलं: फोन आला नाही. आई म्हणाली, “आता ह्याचं मार्क देतील का?” मी म्हणालो, माहीत नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आई सकाळी मला दारापर्यंत सोडायला आली. पूर्वी परीक्षेला दही द्यायची. त्या दिवशी दिलं नाही. विसरली असेल, किंवा आता आपण काही करायलाच नको असं तिला वाटलं असेल.

बाहेरून आलेले सर खरोखर कडक होते. त्यांनी माझी प्रबंधिका उघडली, मधलं एक पान काढलं. “इथं लिहिलंय की पहिल्या फेरीतली उत्तरं पढवलेली होती. कोणी पढवली?”

“आईनं, सर.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

मग अर्थशास्त्राचे सर म्हणाले, “मग पहिली फेरी बाद करायला पाहिजे. ही आकडेवारी निरुपयोगी आहे.” इतिहासाचे सर खुर्चीत पुढं सरकले. “असं बाद करायला लागलो तर आमच्या विषयात काय उरेल? वही घेऊन दारात कुणी आला की लोक त्याला सोयीचं तेच सांगत आलेत. शेकडो वर्षं.” अर्थशास्त्राचे सर म्हणाले, “म्हणूनच तुमचा विषय तसा आहे.” भाषेच्या मॅडमनी मला विचारलं, “तुमच्या गल्लीत ‘निर्णय’ हा शब्द एरवी कोण वापरतं?” मी म्हणालो, “अंपायरबद्दल बोलताना वापरतात, मॅडम. घरात नाही.” त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेरच्या सरांचं म्हणणं होतं की दुसऱ्या फेरीलाही पुरावा कुठं आहे? मिक्सरचा आवाज हा काही पुरावा नव्हे. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, मिक्सर लावावा लागतो हाच पुरावा आहे. दोघांचा आवाज चढला. आमच्या गल्लीवर कोल्हापुरात एवढी मोठी माणसं भांडतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी उभाच होतो. पाण्याचा ग्लास माझ्यासाठी आहे की नाही ते कळत नव्हतं, म्हणून तहान लागूनही प्यायलो नाही.

अखेर बाहेरचे सर माझ्याकडं वळले. “बरं, तुमचं काय म्हणणं? घरातले निर्णय शेवटी घेतं कोण?”

मी एक चांगलं वाक्य पाठ करून आलो होतो. त्यात ‘बहुस्तरीय’ होतं आणि ‘वाटाघाटी’ होतं. ते आठवेना. आठवला तो फ्रिज. बघू म्हणजे न्हाय, मामाला फोन, मामाचा चहा, आणि आण्णांचं ‘मी कवाचं तेच म्हणतोय’. सगळं आईच्या शब्दांत सांगितलं. इतिहासाचे सर मोठ्यानं हसले. “आमच्याकडंही हे काम मेहुणाच करतो,” असं ते म्हणाले, आणि मग इकडंतिकडं बघून गंभीर झाले. बाहेरचे सर हसले नाहीत. “हे तुमच्या प्रबंधिकेत कुठल्या पानावर आहे?”

“नाही सर. चौकोन नव्हता.”

“हे असायला पाहिजे होतं,” ते म्हणाले आणि फाईल मिटली. “बाहेर थांबा.”

निकाल काही आठवड्यांनी लागला. पास झालो होतो. प्रबंधिकेला ‘बी’ मिळाला होता, बाकी सगळ्या विषयांपेक्षा कमी. मॅडमनी फोनवर सांगितलं की पहिली फेरी जशीच्या तशी आली असती तर वरची श्रेणी मिळाली असती, बाहेरच्या सरांना वाचताना आधी त्या फेरीचे निष्कर्ष आवडले होते. दोन फेऱ्या शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांना काम अर्धवट वाटलं. मग मॅडम म्हणाल्या, “मला मात्र दुसरीच हवी होती.” मी त्यांना धन्यवाद म्हणालो. आमच्या घरात कुणी एम.ए. झालं होतं.

आईनं पहिला फोन मामाला केला. पुढच्या खोलीत उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “पास झाला. तो न्हाय येणार आता कागलला. व्हय. नको, विचारू नको साहेबास्नी.” आण्णा भट्टीजवळून म्हणाले, “मी कवाचं तेच म्हणतोय.”

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आई घरोघर जायला निघाली, तर गल्लीच उलट आमच्या घरी आली. मला आत जाता येईना. एका काकूंनी पेढा तोंडात टाकायच्या आधीच विचारलं, “किती पडलं?”

“पास झालो, काकू.”

“ते कळलं रं. आमी दिलेल्या पेपरला किती पडलं?”

मी सांगितलं. ‘बी’ म्हणजे काय तेही सांगावं लागलं. ‘ए’ असतो, त्याच्या खाली ‘बी’. मिक्सरवाल्या काकूंनी आईकडं बघितलं. आईनं पेढ्यांच्या पुड्याकडं. मी घाईनं म्हणालो की चूक माझी होती, चौकोन कमी पडले, तुमची उत्तरं चांगली होती.

अव्वा उंबऱ्याशी बसली होती. तिनं पेढा पदराला पुसून हातात धरला होता. “मागल्या वेळचं तसंच ठेवलं असतास तर किती पडलं असतं?” तिनं विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. पण एवढ्यात सवय गेली होती. “जास्त,” मी म्हणालो.

“बघा,” अव्वा सगळ्यांना म्हणाली. “आमी बाया नीट सांगितलताव. ह्योच परत आला, खरं सांगा, खरं सांगा करत.” मग माझ्या हातात तिचा पेढा ठेवला. “खा रं तम्मा. पुढच्या टायमाला ऐकत जा गल्लीचं.”

सगळ्या हसल्या. आईही हसली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोकळी. मी पेढा खाल्ला आणि अव्वाच्या म्हणण्यात चूक शोधायला लागलो. अजून सापडलेली नाही.